पहिल्या पावसातली काळी खेकडी : पकडण्यापासून कालवणापर्यंत

प्रवरेकाठची

मंडळी, मिरग लागला की इथे खेकड्यांचे फोटो पडायला लागतात आणि खाली एकच मागणी, रेसिपी द्या. आणि जी रेसिपी येते ती बहुतेक वेळा समुद्राच्या चिंबोरीची असते, ओलं खोबरं, कोकम, मालवणी मसाला. ती छानच लागते, वाद नाही, पण डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या काळ्या खेकड्याला तेच वाटण लावलं की त्याची स्वतःची चव बुडते असं माझं ठाम मत आहे. माझं माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तिकडे नारळाचं झाड नाही, कोकम नाही, म्हणून आमचं कालवण वेगळं. ते कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून हा धागा.

आधी खेकड्याविषयी. उन्हाळाभर तो ओढ्याकाठी, भातखाचराच्या बांधात खोल बिळात ओलाव्याला बसून असतो. वळवाच्या एखाद्या सरीने हलत नाही. मिरगाचा पाऊस सलग पडला, बिळात पाणी शिरलं, ओढा लाल वाहायला लागला की रात्री बाहेर पडतो, भुकेलेला असतो. तेव्हा बॅटरी घेऊन जायचं. पूर्वी टेंभे असायचे, मग गॅसबत्ती आली, आता कपाळाला बांधायची बॅटरी. डोळ्यावर उजेड पडला की खेकडा जागच्या जागी थबकतो, तेवढ्यात मागून पाठीवर अंगठा दाबून उचलायचा, नांग्या मागे वळत नाहीत. बादलीपेक्षा ओलं पोतं बरं, बादलीत एकमेकांच्या नांग्या तोडतात.

आता महत्त्वाचं. उचलला की उलटा करून पोट बघा. नराच्या पोटावरची पट्टी अरुंद, टोकदार असते, मादीची रुंद गोल असते, झाकणासारखी. त्या झाकणाखाली या दिवसात बारीक बारीक पिल्लं असतात. अशी मादी जिथे उचलली तिथेच परत सोडायची. आमच्या घरात हा नियम म्हणजे नियम, पिल्लांची खेकडी घरी आणली तर आजी चुलीवर भांडं ठेवू द्यायची नाही. आणि याला कारण आहे. समुद्राचा खेकडा लाखांनी अंडी घालतो, पिल्लं पाण्यात वाहत कुठेही जातात. गोड्या पाण्याच्या खेकड्याची अंडी मोजकी असतात, पिल्लं अंड्यातून थेट खेकडा होऊनच निघतात आणि आईच्या पोटाखालीच वाढतात. एक मादी उचलली की त्या ओढ्यातलं एक अख्खं वेत गेलं.

कालवण. मध्यम आकाराचे ८-१० खेकडे धरते.

साफ करताना नांग्या आणि पाय पिळून वेगळे करायचे. मोठ्या नांग्या एका बाजूला, बारीक पाय दुसऱ्या बाजूला, पाय टाकायचे नाहीत, सगळी चव त्यातच आहे. पाठीचं कवच मागून उचकटायचं, पिसांसारखे कल्ले काढून टाकायचे, तोंडाजवळची मातीची पिशवी काढायची. कवचात जे पिवळं असतं ते चमच्याने खरवडून वाटीत ठेवायचं. धड मधून दोन तुकडे.

बारीक पाय पाट्यावर रगडायचे, थोडं थोडं पाणी घालत, आणि पातळ कापडातून पिळून घ्यायचे. चोथा परत पाट्यावर, परत पाणी, परत पिळणं. तीनदा. करडा दाट रस निघतो. मिक्सरमध्ये करणार असाल तर कापड दुहेरी घ्या, कवचाची कच खाली जाते आणि घशात टोचते.

वाटण : २ मोठे कांदे चुलीत (शहरात गॅसवर) सालासकट काळे होईपर्यंत भाजून, लसणाचा एक गड्डा, आल्याचा तुकडा, ७-८ सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, आणि भाजलेली खुरासणी दोन मोठे चमचे. खुरासणी म्हणजे कारळे, आमच्या डोंगरात वरकस जमिनीवर पिकते. तेलही तिचंच. तेलात आधी वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, हळद, मग ते पिवळं घालून परतायचं, मग नांग्या आणि धडं, खेकडा लाल होईपर्यंत. मग पायांचा रस.

इथे घाई नको. रस ओतला की आच मंद आणि पळी सतत फिरती ठेवायची. रस तापला की तो पनीरासारखा जमायला लागतो. ढवळत राहिलं तर कालवण एकसारखं दाट होतं, सोडून दिलं तर गुठळ्या वर तरंगतात आणि खाली पाणी राहतं. उकळी आली की मीठ, कोथिंबीर, आणि पंधरा-वीस मिनिटं चांगलं शिजू द्यायचं. खोबरं नाही, आंबट काही नाही, गरम मसाला नाही. नागलीची भाकर आणि कालवण, नंतर त्याच ताटात जिरवेल या आमच्याकडच्या तांदळाचा भात.

तुमच्याकडे कसं करतात ते लिहा.

शहापूरचा

ताई एकदम जवळचा विषय. आमच्याकडे चिंबोऱ्याच म्हणतो, नदीच्या असल्या तरी. वाडीवर कालवण पाहुणे आले तरच, एरवी चुलीत निखाऱ्यावर टाकायच्या, लाल झाल्या की बाजूला काढायच्या, कवच सोलून आतलं मास काढायचं आणि पाट्यावर भाजलेली मिरची, लसूण, मीठ टाकून ठेचायचं. तेलाचा थेंब नाही. ती चटणी आणि तांदळाची भाकर, शेतावर लावणीला जाताना फडक्यात बांधून न्यायची. दुपारपर्यंत भाकरीला चव उतरलेली असते.

आणि पोरांची पद्धत वेगळी, दिवसा. काठीला दोरी, दोरीला काडू (गांडूळ) बांधायचा, बिळाच्या तोंडाशी धरायचा आणि गप बसायचं. चिंबोरी काडू धरते, सोडत नाही, हळूहळू ओढत बाहेर आणायची. गळ लागत नाही. कोंबडीचं आतडं असलं तर अजून लवकर येते.

मुळशीकर

तोंडाला पाणी सुटलं!! फोटो कुठेयत?

पाटणची लेक

आमच्याकडं सातारा साइडला किरवी म्हणतात. पायांचा रस आम्ही पण काढतो पण त्याला बेसन लावतो, दोन चमचे भाजलेलं डाळीचं पीठ पाण्यात कालवून, त्याशिवाय रस्सा मिळून येत नाही. वाटणात भाजलेलं सुकं खोबरं आणि घरचा कांदा लसूण मसाला. सासूबाई मोठ्या किरव्यांच्या कवचात बेसन, मसाला, ते पिवळं असं सगळं एकत्र करून भरायच्या आणि कवच परत धडावर बसवून दोऱ्यानं बांधायच्या, मग रस्स्यात सोडायच्या. बांधायला वेळ लागतो पण पोरांना तीच पाहिजे असायची. खुरासणी कधी घातली नाही, आमच्यात कारळ्याची फक्त चटणी. आता घालून बघणार.

प्रवरेकाठची

@पाटणची लेक, भरलेली किरवी म्हणजे मोठं काम, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. बेसनाबद्दल मात्र माझं म्हणणं असं की पाय तीनदा नीट रगडले तर बेसन लागतच नाही. लोक एकदाच मिक्सर फिरवतात, पातळ रस निघतो आणि मग पीठ लावावं लागतं. पिठाने दाटपणा येतो पण जिभेवर पिठाची चव आधी येते आणि खेकडा मागे पडतो. भरायला बेसन हवंच, तिथे ते सारण आहे. रस्स्यात नको. कारळे घालाल तेव्हा मंद भाजा, जळले की कडू होतात.

@शहापूरचा, फडक्यात बांधलेली भाकर वाचून लावणीचे दिवस डोळ्यासमोर आले. आमच्याकडेही ठेचा करतात, त्यात खुरासणी कुटून घालतात.

माई कुडाळची

मी जरा वेगळं बोलू का. आमच्याकडे व्हाळातल्यो (ओढ्यातल्यो) कुर्ल्यो आणि खाडीतल्यो कुर्ल्यो, दोन्हीक ओल्या खोबऱ्याचं वाटप. खोबरं चव मारतं हे काय मला पटत नाही. वाटप किती घालायचं आणि भाजायचं किती त्यावर आहे. व्हाळाच्या कुर्लीला मी खोबरं अर्धं करते, कांदा जास्त, आणि दोन सोलं (आमसुलं) शेवटी. सोलं नसली तर तो एक मातकट वास राहतो, तो घाटावरच्या लोकांना आवडत असेल, आम्हाला नाही. पायांचा रस मात्र अगदी बरोबर, तो काढत नाहीत त्यांना कुर्ल्यांचं सार करता येत नाही असं समजायचं.

प्रवरेकाठची

माई, मातकट वासाचं कारण बहुतेक वेळा ती मातीची पिशवी आणि कल्ले नीट न काढणं हेच असतं. आणि खेकडे आणल्यावर लगेच केले तर पोटातली माती तशीच राहते. आम्ही एक रात्र ठेवतो. कसं ठेवायचं ते खाली लिहीन. एकदा सोलं न घालता करून बघा, माझ्यासाठी.

भातवाला माणगाव

शेतकरी म्हणून लिहितोय, जरा लांब होईल.

आमच्या रायगडात खाचरातले छोटे ते मुठे. रोप लावलं की कोवळे कोंब रात्रीतून कापतात, बांधाला आरपार बिळं पाडतात, सकाळी बघावं तर खाचरातलं पाणी खालच्या खाचरात. म्हणून शेतकरी चिडतो. आणि मग काय करतो तर शिजवलेल्या भातात कीटकनाशक कालवून गोळ्या बिळाच्या तोंडाशी ठेवतो. पूर्वी फोरेटचे दाणेच बिळात ओतायचे, आता फोरेटवर बंदी आहे तरी जुने साठे आणि जुनी सवय. सांगायचं एवढंच की खाचरातले मुठे कोणी आणून दिले तर आधी विचारा, कुठले आहेत. बांधावर मेलेले, अर्धमेले, सुस्त दिसणारे तर अजिबात नको. वरच्या ओढ्यातले, रानातले घ्या जिथे शेतीचं पाणी येत नाही.

आम्ही घरात विष वापरत नाही. लावणीच्या आधी आणि नंतरच्या दिवसांत घरातली सगळी रात्री बांधावर फिरतो आणि पकडतो, रोप वाचतं आणि कालवणही होतं. आधीची पिढी हेच करायची.

आणि एक राहवत नाही म्हणून. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंडवाडीतली माणसं झोपेत वाहून गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं होतं. खेकडा मातीत बीळ करतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण म्हणूनच दर वर्षी मिरगाच्या आधी आम्ही बांध फिरून बघतो, बीळ दिसलं की माती ठेचून भरतो. बांध सांभाळणं हे माणसाचं काम आहे. गळती दिसते तेव्हाच ती बंद करायची असते. एवढी माणसं गेली आणि बोट खेकड्याकडे, याचा राग अजून जात नाही.

मुळशीकर

+१ माणगावकर दादा. अगदी मनातलं लिहिलंत.

पहिलटकर_पुणे

मी यावर्षी पहिल्यांदा गावच्या मित्रांबरोबर जाणार आहे. दोन प्रश्न आहेत. बिळात हात घालून काढतात असं ऐकलंय, साप असला तर? आणि दुसरं, मागच्या वर्षी त्यांना ओढ्यात कासव सापडलं होतं, ते म्हणाले याचं पण मटणासारखं होतं, आजोबा करायचे, या वेळी सापडलं तर करू. त्याची पद्धत कोणाला माहीत आहे का?

शहापूरचा

हात घालू नको भावा. घालणारे घालतात, बिळाच्या तोंडाशी ताजी ओली मातीची गोळी असली तर आत चिंबोरी असं ओळखतात, पण पाऊस पडून बिळं भरली की साप पण बाहेर पडतात आणि मिळेल त्या भोकात शिरतात. आमच्या वाडीतल्या माणसाला घोणस चावली ती अशीच, बीळ ताजं होतं. लोखंडी आकडी वापर नाहीतर काडू बांधून बस. पायात गमबूट, काठी आधी आपटायची मग पाय टाकायचा. आणि एकट्याने जायचं नाही.

सागरवेळा

कासवाबद्दल मी उत्तर देतो कारण माझं काम किनाऱ्यावरच्या गावांत असतं.

कासव सापडलं तर हात लावू नका, जिथे आहे तिथे राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासव पकडणं, मारणं, विकणं, घरात पाळणं सगळा गुन्हा आहे, तुरुंगवासाची शिक्षा आहे. पण कायदा बाजूला ठेवू. आजोबा खायचे हे खरं आहे, नदीकाठच्या बऱ्याच गावांत खायचे, आणि तेव्हा कासवं होती. कासव वयात यायलाच अनेक वर्षं लागतात, एक मोठी मादी गेली तर ती जागा भरून यायला फार काळ जातो. आपल्या दख्खनच्या नद्यांमधलं मोठं मऊ पाठीचं कासव, जे द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही, ते आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. वाळूउपसा, जाळी, शिकार सगळं मिळून ही वेळ आली.

आणि सवय बदलते, हे कोकणात बघितलंय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी उकरून अंडी खायची आणि विकायची पद्धत होती, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि मंडळींनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता तिथे लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात, त्यावर घरं चालतात. मित्रांना हे सांगा. आणि खेकडे भरपूर आणा, कासवाची आठवणही होणार नाही.

पहिलटकर_पुणे

धन्यवाद दोघांनाही. मित्रांना हा धागाच पाठवतो.

दवाखाना_डॉट

डॉक्टर या नात्याने तीन गोष्टी, थोडक्यात.

निखाऱ्यावर भाजताना आतपर्यंत शिजला पाहिजे. गोड्या पाण्याच्या खेकड्यात फुप्फुसाला लागणारी चपटी कृमी असू शकते, ईशान्येकडे मणिपूर-नागालँडमध्ये कच्चा किंवा अर्धा कच्चा खेकडा खाल्ल्याने हा आजार होतो, खोकल्यातून रक्त येतं आणि क्षयरोग समजून भलतेच उपचार चालतात. नीट शिजवला तर धोका नाही. बरोबरीने पाटा, सुरी, हात धुणं, कारण कच्चा रस तिथेच असतो.

पायाला चिखल्या, जखमा असतील तर त्या दिवसात खाचराच्या पाण्यात उतरू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा जंतूंचा ताप, होऊ शकतो. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर घरी बसून काढा पिऊ नका, दाखवा.

बाळंतिणीला, लहान मुलांना सर्दी-खोकल्यावर खेकड्याचा रस्सा देतात. गरम रस्सा पिऊन बरं वाटतं, प्रथिनं चांगली असतात, जरूर द्या. पण दम्याचं औषध बंद करून रस्सा सुरू केलेले पेशंट येतात, ते करू नका. आणि कोलंबीची ॲलर्जी असलेल्यांनी खेकडा खाऊ नये.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे मेरीलँडचा निळा खेकडा मिळतो, त्याचं हे कालवण होईल का? आणि कारळे कुठे मिळणार, इथे पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मात्र पोती भरून दिसतात!

प्रवरेकाठची

होईल, पण तो खाऱ्या-मचूळ पाण्याचा, त्यात मुळातच मीठ आणि गोडवा असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून घाला आणि मिरची थोडी वाढवा. पायांचा रस तसाच काढा. पक्ष्यांच्या दुकानातले कारळे आणू नका, ते माणसांनी खायचं म्हणून साफ केलेले आणि तपासलेले नसतात. इथिओपियन किराणा दुकान जवळ असेल तर तिथे नूग म्हणून विचारा, तेच आपले कारळे. नाहीच मिळाले तर शेंगदाण्याचं कूट, चव वेगळी येईल पण दाटपणा येईल.

मुंबईची_नेहा

मला पिल्लांच्या माद्यांबद्दल विचारायचं आहे. कसारा घाटात, माळशेजला रस्त्याच्या कडेला बायका खेकड्यांच्या जुड्या विकायला बसतात त्यात मला दर वेळी पोटाला पिल्लं असलेल्या दिसतात. घेऊन सोडून द्यायच्या का? की घ्यायच्याच नाहीत? त्या बायकांचं पण पोट त्यावर असतं, वाईट वाटतं.

प्रवरेकाठची

नेहा, हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस. विकत घेऊन भलत्याच ठिकाणी सोडू नकोस. प्रत्येक डोंगराचे, ओढ्याचे खेकडे वेगळे असू शकतात. आपल्या सह्याद्रीत अजून नव्या जाती सापडतायत, २०१६ साली तेजस ठाकरे आणि त्यांच्यासोबतच्या अभ्यासकांनी एकदम पाच नव्या जाती नोंदवल्या, त्यातल्या काही अगदी छोट्याशा भागातच राहतात. म्हणून रंगीत, जांभळा-केशरी असा वेगळा खेकडा कातळावर किंवा झाडाच्या ढोलीत दिसला तर फोटो काढायचा आणि सोडायचा. खायचा तो नेहमीचा मोठा काळा.

बायकांकडून नक्की घे, त्या रात्रभर भिजून आणतात. फक्त जुडी उलटी करून बघ आणि सांग, मावशी पिल्लांची नको, बाकीच्यांचे तेवढेच पैसे देते. भाव करू नकोस. ठाकर-कातकरी बायकांना खेकड्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, पिल्लांची आणू नये हे त्यांनाही माहीत आहे, पण गिऱ्हाईक नगावर पैसे देतं आणि शहरातलं गिऱ्हाईक बघतच नाही, मग त्या तरी का सोडतील. चार गिऱ्हाइकांनी असं सांगितलं की पुढच्या खेपेला त्या माद्या ओढ्यावरच राहतात. आमच्या रस्त्यावर हे झालेलं मी बघितलंय.

पाटणची लेक

ताई, आज तुमच्या पद्धतीनं केलं!! पाय तीनदा रगडले, बेसन नाही. खरंच दाट झालं. खुरासणीनं रंग काळपट आला, घरात आधी नाकं मुरडली मग टोप पुसून खाल्ला. पण माझ्या थोड्या गुठळ्या झाल्याच, आच जास्त होती का?

प्रवरेकाठची

वा! हो, आच. दुसरं म्हणजे रस ओतायच्या आधी वाटण जरा निवू द्यायचं, तडतडत्या तेलात थंड रस पडला की कडेलाच जमतो. काहींना त्या गुठळ्याच आवडतात, माझे वडील मुद्दाम वरच्या गुठळ्या आधी काढून मागायचे.

माईंना सांगितलं होतं ते राहिलं, रात्रभर ठेवायचं कसं. खोल पाण्यात ठेवू नका, साठलेल्या पाण्यात त्यांना हवा पुरत नाही आणि मरतात. पसरट घमेल्यात पाठ बुडेल न बुडेल एवढंच स्वच्छ पाणी, वर ओलं पोतं, त्यावर जड पाटा किंवा दगड, नाहीतर सकाळी घरभर शोधावे लागतात. झोपायच्या आधी एकदा पाणी बदलायचं, सकाळी पाणी गढूळ दिसेल तीच पोटातली माती. साफ करायच्या आधी बर्फाच्या पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवले तर सुन्न होतात, जिवंत असताना पाय पिळायचे नाहीत. रात्रीत एखादा मेला असेल तर तो टाकून द्या, किती का मोठा असेना, मेलेला खेकडा फार लवकर नासतो.

माई कुडाळची

बरं. रविवारी भाऊ व्हाळावर जाणार आहे. अर्ध्यांचं तुझ्या पद्धतीने, सोलं न घालता, अर्ध्यांचं माझ्या. दोन्ही टोप शेजारी ठेवून घरातल्यांना वाढते आणि मग इथे लिहिते.